पाणथळ आणि बुडीत क्षेत्र

उजनी जलाशयावर पक्षी पाहायला जायचे ते हिवाळ्यात, असा संकेत आहे. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन मुद्दाम 2024 च्या मे महिन्यात गेलो. पळसदेवच्या काठाशी पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते, तरी ऊन भाजू लागले होते. पाणी दूर सरले होते. भेगाळलेल्या गाळाच्या कडेला शेकाटे, पलीकडे चित्रबलाक आणि उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून अन्न गाळून घेणारे रोहित. दुर्बीण थोडी वळवली, तर पाण्याने मोकळे केलेले पळसनाथाचे जुने मंदिर समोर आले. त्याच्या दगडांवर पाणकावळे पंख वाळवीत होते.

या दृश्याला इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. भीमेवरील या धरणाचे काम 1969 मध्ये सुरू होऊन 1980 मध्ये पूर्ण झाले. सुमारे 117 टीएमसी क्षमतेपैकी निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते. म्हणून उपयुक्त साठा संपला की धरण ‘वजा’त जाते. त्या उन्हाळ्यात ते वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरले.

वाहत्या नदीच्या पात्राला एवढा विस्तीर्ण उथळ काठ नव्हता. तो जलाशयाने दिला. रोहितांना हवा असतो तो असाच गाळ. तेव्हा ज्याला आपण सहज ‘निसर्ग’ म्हणतो, तो येथे एका सार्वजनिक निर्णयाचा परिणाम आहे. स्थलांतरित पक्ष्यांचा हा आसरा विस्थापित माणसांच्या शिवारावर उभा आहे.

भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसते. पक्षिनिरीक्षकाच्या वहीत ही जागा ‘पाणथळ’ असते, सरकारी दफ्तरात ‘बुडीत क्षेत्र’, तर पाणी ओसरल्यावर तेथे पीक घेणाऱ्याच्या तोंडी ‘गाळपेर’. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर अंडी घालणारा नदीसुरय आणि त्याच जमिनीवर पेरणी करणारा शेतकरी, दोघांचाही हक्क पहिल्या पावसापुरता. यांपैकी एकच शब्द खरा मानला, की उरलेल्यांचा इतिहास पुसला जातो.

आमचा नावाडी हे न सांगताच जाणत होता. रोहित दाखवताना तो म्हणाला, “मारुतीच्या पाराच्या पलीकडं बघा, सर.” समोर ना मारुती होता ना पार, नुसता गाळ चकाकत होता. पण त्याने दाखवलेल्या दिशेला पक्षी नेमके होते.

एका विद्यार्थिनीने वहीत पक्ष्यांची संख्या लिहिली आणि ‘ठिकाण’ या रकान्याशी ती थांबली. आम्ही तिला उत्तर सुचवले नाही. थोड्या वेळाने तिने लिहिले : ‘मारुतीचा पार, जुने पळसदेव.’