मोरीपासून गल्ल्यापर्यंत

मुंबईच्या जुन्या हॉटेलांत पाण्याचे चार पेले एका हातात घेऊन येणारा पोऱ्या अनेकांनी पाहिला असेल. खांद्यावर ओले फडके आणि बोटे पेल्यांत बुडालेली. पेला बुडाशी धरावा, हे त्याला सांगणार कोण? कपबश्या विसळता विसळता तो मोरीवरून टेबलापर्यंत पोचलेला असे.

उडुपी हॉटेलांचा धंदा याच पोरांच्या जिवावर उभा राहिला. दक्षिण कानडातून कोवळी मुले मुंबईला येत, ओळखीच्या अण्णाकडे कामाला लागत, तिथेच जेवत आणि रात्री तिथेच पथारी टाकत. आधी मोरी, मग फडका, मग टेबल. नशीब असेल तर भटारखाना, आणि फारच जोरावर असेल तर गल्ला! शिक्षण फुकट होते खरे, पण त्यात बालपण जात होते. अक्षरओळख सुटू नये म्हणून दक्षिण कानडातल्याच मोगवीर समाजाने १९०८ मध्येच मुंबईत मोफत रात्रशाळा काढली. दिवसभर राबलेली पोरे तिथे पेंगत का होईना, पण धडे गिरवत.

या शिडीचे लख्ख उदाहरण म्हणजे जयराम बानन. कारकळचा हा मुलगा तेराव्या वर्षी घरातून पळाला आणि पनवेलजवळ हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या कँटीनमध्ये महिना १८ रुपयांवर भांडी घासू लागला. पुढे वेटर झाला, मग मॅनेजर. १९८६ मध्ये त्यांनी दिल्लीच्या डिफेन्स कॉलनीत ‘सागर’ उघडले, तेच पुढे ‘सागर रत्न’ झाले. अशा कथा वाचायला छान वाटतात. मोरीवरच म्हातारे झालेल्यांच्या कथा मात्र कुणी छापत नाही.

दरम्यान मुंबईत हॉटेलविद्येची रीतसर शाळाही निघाली होती. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये अंधेरीला भवन्सच्या आवारात सुरू झालेली ही संस्था नंतर दादरला आली. देशभरच्या पंचतारांकित हॉटेलांना तिने माणसे पुरवली. पण बारावी, इंग्रजी आणि फी एवढे उंबरठे ओलांडून पोऱ्या आत येणार कसा?

१० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले, ढाबे आणि घरकामात चौदा वर्षांखालील मुलांना ठेवण्यास बंदी आली. ती यायलाच हवी होती. मागोमाग २००९-१० मध्ये केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने ‘हुनर से रोजगार तक’ ही योजना आणली. आठवी पास, वय किमान अठरा, फी शून्य. सुरुवातीला स्वयंपाकाचा वर्ग आठ आठवड्यांचा होता, वाढपाचा सहा. जिथे पोऱ्याला प्रवेश नव्हता, त्याच सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्थांत हे वर्ग भरू लागले. कांदा कसा चिरावा, ट्रे कसा तोलावा, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हे आता कुणीतरी समोर उभे राहून शिकवत होते.

तरी दोन उणिवा ढळढळीत दिसतात. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाने अठरापर्यंत करायचे काय, याला या योजनेत उत्तर नाही. आणि आठ आठवड्यांत हात जेमतेम बसतो, कारागीर तयार होत नाही. बानन यांना मोरीपासून मॅनेजरपर्यंत जायला कित्येक वर्षे मिळाली होती. प्रमाणपत्रानंतर निदान वर्षभराची पगारी उमेदवारी मिळवून देणे हे सरकारचे आणि हॉटेलमालकांचे काम आहे, आणि ते त्यांनी अंगावर घ्यावे.