महाराष्ट्रातील महासंगणन

अतिशय मोठी आकडेमोड अल्प काळात करण्यासाठी अनेक प्रोसेसर एकत्र जोडून उभारलेल्या यंत्रणेस महासंगणक आणि अशा संगणनास महासंगणन म्हणतात. भारतीय बनावटीच्या महासंगणकांचा प्रारंभ पुणे येथे झाला. मोसमी पावसाचा अंदाज ही त्यामागील एक प्रमुख गरज होती. आजही अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील शेतकऱ्याचा या तंत्रज्ञानाशी येणारा संबंध मुख्यतः पावसाच्या अंदाजातूनच येतो.

महासंगणकाचा वेग ‘फ्लॉप्स’ या एककात मोजतात. दर सेकंदाला एक अब्ज गणिती क्रिया म्हणजे १ गिगाफ्लॉप्स, तर एकावर १५ शून्ये इतक्या क्रिया म्हणजे १ पेटाफ्लॉप्स होय.

== इतिहास ==
१९८०च्या दशकात हवामान अंदाजासाठी भारताने अमेरिकेतील क्रे कंपनीचा महासंगणक घेण्याचा प्रयत्न केला. असे यंत्र संरक्षणविषयक कामांसाठीही वापरता येत असल्याने अमेरिकेने अधिक शक्तिशाली प्रारूप नाकारले. क्रे एक्स-एमपी/१४ हे कमी क्षमतेचे यंत्र देखरेखीच्या अटींसह मिळाले व ते नवी दिल्ली येथे बसवण्यात आले.

१९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्राची स्थापना झाली. ही संस्था ‘सी-डॅक’ या नावाने परिचित आहे. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे जन्मगाव असलेले डॉ. विजय भटकर तिचे संस्थापक संचालक होते. एकच महागडा व अतिवेगवान प्रोसेसर बनवण्याऐवजी अनेक साध्या प्रोसेसरांमध्ये काम वाटून देण्याचा मार्ग संस्थेने स्वीकारला. त्यातून १९९१ मध्ये सुमारे १ गिगाफ्लॉप्स क्षमतेचा ‘परम ८०००’ साकारला.

खासगी क्षेत्रात टाटा समूहाच्या पुण्यातील संगणन संशोधन प्रयोगशाळेने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जागतिक क्रमवारीत चौथा ठरला. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये याच क्रमवारीत ६३व्या स्थानी होता.

== हवामान अंदाज ==
पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा ४ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक कार्यान्वित झाला. त्यानंतरच्या ‘अर्का’ या ११.७७ पेटाफ्लॉप्सच्या महासंगणकाचे उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. ‘परम ८०००’च्या तुलनेत ही क्षमता एक कोटी पटींहून अधिक आहे.

अंदाजासाठी पृथ्वीच्या पृष्ठभागाची चौकटींमध्ये विभागणी करून प्रत्येक चौकटीतील तापमान, वारा, दाब व आर्द्रता यांतील बदलांचे गणित मांडले जाते. चौकट निम्म्या लांबी-रुंदीची केली, तर चौकटींची संख्या चौपट होते. शिवाय गणिताचे कालटप्पेही अधिक जवळ घ्यावे लागतात. त्यामुळे एकूण आकडेमोड सुमारे आठपट वाढते. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत अंदाज प्रणाली’त ही चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणण्यात आली.

== अहिल्यानगर जिल्ह्यातील महत्त्व ==
सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. अकोले तालुक्यातील घाटघर व रतनवाडी परिसरात वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील श्रीगोंदा, कर्जत व पारनेर भागांत मात्र तो सुमारे ५०० ते ६०० मिलिमीटरच असतो. त्यामुळे संपूर्ण जिल्ह्यासाठी दिलेला एकच अंदाज अपुरा ठरतो. १२ किलोमीटरच्या मांडणीत जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे ११८ चौकटी येत, तर ६ किलोमीटरच्या मांडणीत सुमारे ४७४ येतात.

पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणीचे संकट ओढवते. म्हणून पाऊस कधी सुरू होईल याबरोबरच तो किती दिवस टिकेल, याचा अंदाजही कोरडवाहू शेतकऱ्यासाठी निर्णायक असतो. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात हवामानाधारित कृषी सल्ल्याचे काम चालते.

== कृत्रिम बुद्धिमत्ता ==
कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रारूपे जुन्या हवामान नोंदींवरून शिकतात. त्यांच्या प्रशिक्षणास मोठी संगणनशक्ती लागते, परंतु त्यानंतरचा अंदाज तुलनेने अल्प संगणनात मिळतो. २०२५च्या खरीप हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना अशा प्रारूपांवर आधारित मोसमी पावसाचे अंदाज मोबाईल संदेशाद्वारे पाठवले. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी कृषी क्षेत्रासाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले.

== मर्यादा ==
महासंगणकास अखंड वीजपुरवठा व सततचे शीतन लागते. प्रारंभीच्या नोंदींतील लहान त्रुटी गणितात वाढत जाते. त्यामुळे केवळ वेग वाढवून अचूकता साधत नाही, तर पर्जन्यमापक, रडार व उपग्रह यांच्या नोंदीही तितक्याच दाट असाव्या लागतात. तसेच अंदाज पेरणीपूर्वी आणि समजेल अशा भाषेत शेतकऱ्यापर्यंत पोहोचला, तरच त्याचा उपयोग होतो.