परफॉर्मन्स एअर फिल्टर इंजिनाला कंपनीच्या फिल्टरइतकं जपतो का? खापरखेड्याच्या रस्त्यावर उभं राहून समजून घेऊ

नागपूरहून कोराडीमार्गे खापरखेड्याकडे निघालात की काही वेळातच गाडीच्या काचेवर करड्या रंगाचा पातळ थर दिसायला लागतो. समोर राखेचा नाहीतर कोळशाचा टिप्पर, मागे तुमची गाडी. वायपर मारला की काच साफ होते. पण तीच हवा इंजिनही ओढत असतं, आणि त्याला वायपर नसतो. त्याच्याकडे असतो फक्त एक एअर फिल्टर.

आता रील बघून कोणी म्हणतं, "भाऊ, कागदी फिल्टर काढून फेक, परफॉर्मन्सवाला टाक, गाडी उडते का नाही ते पाय." फिल्टर दिसायला भारी असतो, धुऊन पुन्हा वापरता येतो आणि "लाइफटाइम" असं लिहिलेलंही असतं. मग प्रश्न असा की हा फिल्टर इंजिनाचं रक्षण जुन्या कागदी फिल्टरइतकंच करतो का?

थोडक्यात उत्तर

स्वच्छ डांबरी रस्त्यावर, नीट बसवलेला आणि नीट तेल दिलेला चांगल्या कंपनीचा परफॉर्मन्स फिल्टर चालून जातो. पण धूळ अडवण्याच्या कामात चांगला कागदी फिल्टर सहसा त्याच्या पुढे असतो. जिथे राख, कोळशाची भुकटी आणि कच्चा रस्ता रोजचाच आहे, तिथे हा फरक इंजिनाच्या आयुष्यात दिसू शकतो. का, ते आता पाहू.

इंजिन किती हवा ओढतं?

पेट्रोल इंजिनात १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला जवळपास ९ हजार लिटर हवा. तुमची कार लिटरला २० किलोमीटर देत असेल, तर १० हजार किलोमीटरमध्ये ५०० लिटर पेट्रोल आणि सुमारे ४५ लाख लिटर हवा इंजिनातून जाते. घनमीटरमध्ये सांगायचं तर ४,५०० घनमीटर. ही सगळी हवा एका वहीएवढ्या फिल्टरमधून गाळली जाते.

राख इंजिनाला का नडते?

खापरखेड्याचं महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र १,३४० मेगावॉटचं आहे. शेजारी कोराडीचं केंद्र आणि आजूबाजूला वेकोलिच्या कोळसा खाणी. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण जास्त, साधारण ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास. त्यातली बरीचशी उडती राख असते, म्हणजे पिठासारखी बारीक. तिच्यात मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असतात. रस्त्यावरच्या मातीतही सिलिका असतेच. क्वार्ट्झच्या रूपातली सिलिका सिलिंडरच्या बिडापेक्षाही कडक असते.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमधला तेलाचा थर मात्र काही मायक्रॉनचाच. त्याहून थोडा मोठा कण तिथे अडकला की पॉलिश पेपरसारखा घासतो. म्हणूनच साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण इंजिनाला सगळ्यात वाईट मानले जातात. खडे फिल्टरमध्ये कधीच अडकतात. त्रास देते ती डोळ्यांना नीट न दिसणारी धूळ.

परिणाम एका दिवसात दिसत नाही. आधी कॉम्प्रेशन कमी होतं, मग इंजिन तेल पिऊ लागतं, मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. शेवटी मेकॅनिक म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल."

फिल्टरचे मुख्य प्रकार

• कागदी फिल्टर: बहुतेक कारमध्ये कंपनीकडून हाच येतो. घड्या घातलेला खास कागद, काहींमध्ये कृत्रिम धागेही असतात. घड्यांमुळे छोट्या डब्यात मोठं क्षेत्रफळ मिळतं. गंमत म्हणजे थोडी धूळ बसली की हा आणखी चांगलं गाळतो, कारण बसलेली धूळ स्वतःच चाळणीचं काम करते.

• तेलकट कापडी फिल्टर: "परफॉर्मन्स" म्हणून सगळ्यात जास्त विकला जाणारा. सुती जाळीदार कापडाचे थर, दोन्ही बाजूंना तारेची जाळी आणि कापडाला चिकट तेल. कापडाची छिद्रं मोठी, म्हणून हवा सहज जाते. धूळ अडवायचं बरंचसं काम तेल करतं. अमेरिकेतली १९६९ साली सुरू झालेली के अँड एन ही यातली सगळ्यात प्रसिद्ध कंपनी.

• फोम फिल्टर: तेल लावलेला स्पंज. मातीत चालणाऱ्या बाइकमध्ये जास्त दिसतो.

• उघडा कोन फिल्टर: डबा काढून टाकून पाइपला थेट लावलेला. आवाज मस्त येतो, पण बॉनेटखालची गरम हवा आणि धूळ दोन्ही ओढतो.

९७ टक्के आणि ९९.९ टक्के: फरक फक्त २.९ चा?

इथेच बहुतेक जण फसतात. एअर फिल्टर तपासण्यासाठी आयएसओ ५०११ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धत आहे. ठरावीक बारीकपणाची धूळ फिल्टरवर सोडायची आणि पलीकडे किती गेली ते वजन करून बघायचं. चांगले कागदी फिल्टर त्यात ९९ टक्क्यांच्या वर जातात. के अँड एन आपल्या फिल्टरांसाठी साधारण ९६ ते ९९ टक्के असा आकडा सांगते.

ऐकायला दोन्ही "ए प्लस". पण इंजिनाला अडलेल्या धुळीशी देणंघेणं नसतं, आत गेलेल्या धुळीशी असतं. १०० ग्रॅम धूळ आली असं धरा:

• ९९.९ टक्के फिल्टर: ०.१ ग्रॅम आत
• ९९ टक्के फिल्टर: १ ग्रॅम आत
• ९७ टक्के फिल्टर: ३ ग्रॅम आत

म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्यात ३० पट फरक.

हेच गणित वीज केंद्राच्या चिमणीलाही लागू पडतं. तिथे राख अडवायला विजेच्या भाराने कण ओढून घेणारं यंत्र असतं, त्याला ईएसपी म्हणतात. समजा एखाद्या केंद्रातून दिवसाला ५ हजार टन राख त्या यंत्रात येते. यंत्र ९९.९ टक्के चाललं तर ५ टन बाहेर पडेल, ९७ टक्के चाललं तर १५० टन. चिमणीखाली राहणाऱ्यांना हा फरक "फक्त २.९ टक्के" वाटेल का?

प्रत्यक्ष चाचणीत काय दिसलं?

२००० च्या दशकात अमेरिकेत ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाच्या पिकअप ट्रकला बसणारे वेगवेगळे फिल्टर याच आयएसओ ५०११ पद्धतीने तपासले गेले. सगळ्यात चांगल्या कागदी फिल्टरने ९९.९३ टक्के धूळ अडवली, तेलकट कापडी फिल्टरने ९६.८ टक्के. कागदी फिल्टर चोंदेपर्यंत त्याने ५७४ ग्रॅम धूळ पोटात घेतली आणि फक्त ०.४ ग्रॅम सोडली. कापडी फिल्टर २२१ ग्रॅमला चोंदला आणि तोवर ७ ग्रॅम सोडली.

दुसरी गोष्टही महत्त्वाची आहे. नवा असताना कापडी फिल्टर हवा मोकळी सोडत होता, पण धूळ बसू लागल्यावर तो लवकर चोंदला. म्हणजे धुळीच्या भागात मोकळ्या हवेचा फायदा लवकर संपतो. ही एकाच ट्रकच्या फिल्टरांची चाचणी आहे, तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील. पण दिशा समजायला ती पुरेशी आहे.

मग शहरात लोकांना काहीच का होत नाही?

कारण हवेत धूळच कमी असते. आपला ४,५०० घनमीटरचा हिशोब आठवा. पीएम १० ची भारतातली २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. तेवढी धूळ धरली तरी १० हजार किलोमीटरमध्ये फिल्टरपर्यंत अर्धा ग्रॅमही पोचत नाही. त्यातली ३ टक्के आत गेली तरी इंजिनाला फार फरक पडणार नाही.

आता कच्च्या रस्त्यावर टिप्परच्या मागे चला. समजा हवेत १०० पट धूळ आहे, म्हणजे घनमीटरला १० मिलिग्रॅम. आता फिल्टरपर्यंत ४५ ग्रॅम येते. ९९.९ टक्केवाला ०.०४५ ग्रॅम सोडेल, ९७ टक्केवाला १.३५ ग्रॅम. पुण्या-मुंबईचा रिव्ह्यू करणारा खोटं बोलत नसतो, पण त्याचा रस्ता तुमचा नसतो.

पॉवर आणि मायलेज तरी वाढतं का?

पेट्रोल गाडीत तुम्ही अर्धा अ‍ॅक्सिलरेटर दाबता तेव्हा हवा अडवून धरते ती थ्रॉटलची झडप. तिथे फिल्टर कितीही मोकळा असला तरी काही बदलत नाही. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असं दिसलं, की फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर चोंदलेला असला तरी मायलेजवर लक्षणीय परिणाम होत नाही. फरक पडतो तो पिकअपवर. मग स्वच्छ कागदी फिल्टरच्या जागी दुसरा स्वच्छ फिल्टर टाकून मायलेज कुठून वाढणार?

पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर आणि जास्त आरपीएमला थोडी पॉवर मिळू शकते. ट्यून केलेल्या, रेसच्या गाडीत तिला अर्थ आहे. रोज सावनेर-नागपूर करणाऱ्या गाडीत जाणवतो तो मुख्यतः आवाज.

तेलाची भानगड

कापडी फिल्टर धुतला की पूर्ण वाळवून पुन्हा मोजकं तेल द्यावं लागतं. कमी दिलं तर धूळ आत. जास्त दिलं तर तेल पुढे जाऊन मॅफ सेन्सरच्या बारीक तारेवर बसू शकतं. हा सेन्सर हवा मोजतो. तो चुकला की इंधनाचं गणित चुकतं आणि चेक इंजिनचा दिवा लागू शकतो. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसून मॅप सेन्सर असतो, त्यांना हा धोका कमी.

खाणीतले डंपर काय वापरतात?

ज्यांचं इंजिन सगळ्यात जास्त धूळ खातं, त्यांच्याकडे बघा. खाणीतल्या मोठ्या डंपरमध्ये आधी हवा गोल फिरवून जड धूळ बाजूला काढतात, मग मोठा कोरडा कागदी फिल्टर, आणि त्याच्या आत आणखी एक सुरक्षेचा फिल्टर. म्हणजे जिथे एक दिवस गाडी बंद राहिली तरी मोठं नुकसान, तिथे भर आहे गाळण्यावर.

पैशाचा हिशोब

समजा कागदी फिल्टर ४०० रुपयांना आणि धुळीमुळे तुम्ही तो दर १० हजार किलोमीटरला बदलता. परफॉर्मन्स फिल्टर ५,००० आणि धुण्या-तेलाचं किट १,५०० रुपयांना. ६,५०० रुपयांत १६ कागदी फिल्टर येतात, म्हणजे १ लाख ६० हजार किलोमीटर. आपल्या गाडीच्या किमती टाकून हे गणित मोबाइलवर करून बघा.

धुळीच्या भागात हे करा

१. सर्व्हिस बुकलेटमध्ये धुळीच्या भागासाठी वेगळं अंतर दिलेलं असतं. तेच पाळा, साधं अंतर नाही.

२. कागदी फिल्टरला जोरात हवा मारून घेऊ नका. कंप्रेसरच्या दाबाने कागदाला बारीक चिरा पडू शकतात आणि चिरेतून धूळ सरळ आत जाते. हलकं झटका, नाहीतर बदला.

३. अनेक बाइकमध्ये तेल लावलेला कागदी फिल्टर असतो. तो साफ करायचा नसतोच, फक्त बदलायचा.

४. फिल्टर काढल्यावर डब्याच्या इंजिनाकडच्या बाजूला पांढरा रुमाल फिरवा. धूळ लागली तर फिल्टर फाटलाय, नीट बसला नाही किंवा रबर कडक झालंय. कोणत्याही ब्रँडचा फिल्टर असो, कडेने हवा जात असेल तर तो नसल्यासारखाच.

५. दर आठवड्याला उघडून बघू नका. दर वेळी थोडी धूळ आत पडतेच.

६. टिप्परच्या मागे काच वर करून बसण्यापेक्षा अंतर ठेवा. तुमच्या फुप्फुसांनाही तेच बरं.

परफॉर्मन्स फिल्टर घ्यायचाच असेल तर

आयएसओ ५०११ चाचणीचा आकडा विचारा. "जास्त हवा" एवढंच सांगणाऱ्याला "आणि किती धूळ अडते?" असं विचारा. मूळ डब्यात बसणाराच घ्या, उघडा कोन नको. वॉरंटीत गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आधी लेखी विचारून घ्या. आणि धुळीच्या दिवसांत, उन्हाळ्यात खास करून, कागदी फिल्टर परत लावायची तयारी ठेवा.

सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर बॉनेट उघडून आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. मीटर मागे फिरवता येतो, डब्यात साचलेली राख लपवायचं कुणाच्या लक्षातही येत नाही.