गोदावरीची नौकानयन-क्षमता : परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

नदी नौकानयनास योग्य आहे किंवा नाही, हे तिच्या लांबी-रुंदीवरून ठरत नाही. उन्हाळ्यात तिच्यात किती पाणी उरते, यावरून ते ठरते. १४६५ कि.मी. लांबीच्या गोदावरीबाबत हा निकष वारंवार दुर्लक्षिला गेला. परभणी जिल्ह्यातील पाथरी, सोनपेठ, गंगाखेड व पालम हा गंगथडीचा पट्टा त्या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

एकोणिसाव्या शतकातील प्रयत्न

धवळेश्वरम येथील बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाल्यावर सर ऑर्थर कॉटन यांनी रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, असा आग्रह धरला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस नदीमार्गे पूर्व किनाऱ्यावर नेण्याची योजना आखण्यात आली. परंतु दुम्मागुडेम, इंचमपल्ली व देवलमरी येथील तीन खडकाळ अडथळ्यांनी मार्ग रोखला. पावसाळ्यानंतर पाणी झपाट्याने ओसरे आणि नौकानयनाचा हंगाम मोजक्या महिन्यांचाच उरे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये हे काम थांबविण्यात आले.

ही योजना सिरोंचाजवळ मुख्य प्रवाह सोडून प्राणहिता-वर्धेकडे वळत होती, ही बाब लक्षणीय आहे. कापसाचा प्रदेश त्या दिशेस होता, हे खरे; पण पाण्याचे गणितही त्याच बाजूचे होते. प्राणहितेला वैनगंगेच्या पर्जन्यसमृद्ध खोऱ्याचे पाणी मिळते. मराठवाड्यातील गोदावरी मात्र पर्जन्यछायेच्या प्रदेशातून वाहते. निजामी राजवटीतील परभणीच्या परिसरात दूरची मालवाहतूक बैलगाड्या व लमाणांचे तांडे करीत. पुढे १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग सुरू झाला. त्याच्या 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली' या नावात नदी होती. वाहतूक मात्र रुळांवरून होती.

धरणोत्तर नदी

१९७६ मध्ये जायकवाडी प्रकल्पाचे उद्घाटन झाले. पैठणहून निघालेल्या डाव्या कालव्याने परभणीच्या शेतीस पाणी दिले. परंतु पात्रातील प्रवाह आता पावसाइतकाच विसर्गाच्या निर्णयावर अवलंबून राहिला. ढालेगाव, मुदगल व डिग्रस येथील बंधाऱ्यांमुळे खोल पाण्याचे दीर्घ फुगवटे निर्माण झाले, पण सलग प्रवाह तुटला. बंधाऱ्याशी आलेली होडी उचलून पलीकडे न्यावी लागते आणि दरवाजे उघडल्यास खालच्या बाजूस पाणी अल्पावधीत वाढते.

या पार्श्वभूमीवर २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने भद्राचलम ते नाशिक हा गोदावरीचा टप्पा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये समाविष्ट केला. हा कायदा अमलात आला त्याच एप्रिल महिन्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पाठवावे लागले. उलट ऑगस्ट २००६ मध्ये याच खोऱ्याने महापूर अनुभवला होता. दोन्ही टोके एकाच नदीची आहेत.

निष्कर्ष

परभणीतील गोदावरीची योग्यता ठरविताना तीन प्रश्न अपरिहार्य ठरतात : पुरेसे पाणी वर्षातील किती दिवस असते, खडक व बंधारे कोठे आहेत आणि पाणी सोडण्याचा निर्णय कोण घेतो. या निकषांवर बंधाऱ्यांच्या फुगवट्यांत छोट्या होड्यांचा स्थानिक वापर शक्य दिसतो. सलग जलमार्ग मात्र संभवत नाही. कॉटन यांच्या योजनेला खडकांइतकेच कोरड्या महिन्यांनी रोखले होते. नकाशावरील निळ्या रेषेस जलमार्ग म्हणण्यापूर्वी त्या महिन्यांची मोजणी होणे आवश्यक आहे. कारण त्या काळात उरलेल्या पाण्यावर पहिला हक्क तहानेचा व शेतीचा असतो.