शेकरू : बागायतीतील उपद्रव व नियंत्रण
महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली मोठी खार. 1985 मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य मुख्यतः तिच्यासाठीच. कोकणातील खाजगी माडबागांत ती शहाळी पोखरते. बागायतदाराचा राग समजण्याजोगा आहे. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तिला परवानगीविना मारता वा पकडता येत नाही. म्हणून माडाच्या खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. शेजारच्या झाडाची फांदी माडाला टेकत असेल तर पत्रा फुकट, कारण शेकरू शेंड्याशेंड्यांवरूनच फिरते. आधी फांद्या छाटाव्यात. खारीला मारण्यावर अशी बंदी सगळीकडे नाही: ब्रिटनमध्ये 1876 च्या सुमारास आणलेली अमेरिकन करडी खार कोवळ्या झाडांची साल सोलते, तेथे वनमालक तिला सापळ्यात धरून मारतात. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरसारख्या शहरी भागातील सोसायट्यांत दिसते ती मात्र शेकरू नव्हे, छोटी पट्टेदार खार. तिच्यासाठी फळांवर जाळी पुरते.