अंथरूण आणि पांघरूण

सिंहासनांचा, किल्ल्यांचा आणि तलवारींचा इतिहास आपल्याकडे हौसेनें लिहिला जातो. ते राजे आणि ते किल्लेदार रात्रीं ज्यावर पाठ टेकीत, त्या अंथरुणाचा मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. कारण उघड आहे. तलवार गंजली तरी उरते. गादी फाटली कीं तिचा कापूस दुसऱ्या गादींत जातो, आणि तीही फाटली म्हणजे उकिरड्यावर. म्हणून या विषयाचें साधन वस्तूंत शोधण्यांत अर्थ नाहीं. तें शब्दांत सांपडतें, आणि त्याहूनही अधिक निषेधांत सांपडतें. अमुक मऊ वस्तु वापरूं नये असें शास्त्रकार जेव्हां बजावून सांगतो, तेव्हां ती वस्तु त्या काळीं होती आणि लोकांना ती हवीशी वाटत होती, इतकें तरी निःसंशय ठरतें.

प्रथम शब्द पाहूं. 'अंथरूण' हा संस्कृत 'आस्तरण' याचा वंशज, आणि 'पांघरूण' हा 'प्रावरण' याचा. हेमचंद्रानें १२ व्या शतकांतील आपल्या प्राकृत व्याकरणांत प्रावरणाचें 'पंगुरण' हें रूप साधण्यासाठीं एक स्वतंत्र सूत्र खर्चिलें आहे. 'उशी' ही 'उच्छीर्षक' शब्दाची नात. उलट तक्क्या, जाजम, गालिचा, चादर हे शब्द फारसीच्या वाटेनें आलेले. अंगाखालीं, अंगावर आणि डोक्याखालीं या तीन खाजगी जागांचीं नांवें मराठीनें जुनींच राखिलीं. चार लोकांसमोर बैठकीवर जें पसरावयाचें त्याचीं नांवें दरबारांतून घेतलीं. चादर तेवढी माजघर आणि दिवाणखाना या दोन्हीकडे वावरते.

आपल्या पूर्वजांना निजेचें साधन हा नीतीचा प्रश्न वाटे. पाणिनीनें 'खट्वा' शब्दाचा एक समास केवळ निंदेच्या अर्थीं सांगितला आहे. 'खट्वारूढ', म्हणजे अध्ययन पुरें होण्यापूर्वींच खाटेवर चढलेला, अर्थात् बेताल मनुष्य. विद्यार्थ्यानें भुईवर निजावें असा दंडकच होता. पण याच परंपरेंतील कौषीतकि उपनिषदाच्या कर्त्याला ब्रह्मलोकाचें वर्णन करितांना तेथें पलंगच मांडावासा वाटला! त्या पलंगाचे उभे पट्टे म्हणजे ऋचा आणि सामें, आडवे पट्टे म्हणजे यजुर्मंत्र, वर सोमाच्या काड्यांचें अंथरूण, आणि उशीच्या जागीं प्रत्यक्ष श्री. रूपक बाजूस सारलें म्हणजे उभी-आडवी विणलेली, वर अंथरूण घातलेली एक साधी बाज उरते. तशी बाज आपल्या खेड्यांत पुष्कळांनीं पाहिली असेल.

परंतु या विषयावर खरी बारीक माहिती मिळते ती बौद्धांच्या पाली ग्रंथांत. धर्मानंद कोसंबी यांच्या 'बौद्ध संघाचा परिचय' या पुस्तकामुळें मराठी वाचकांना भिक्षूंच्या नियमांची ओळख झालेलीच आहे. दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तांत श्रमणानें टाळावयाच्या उंची शय्यांची एक लांबलचक यादी येते. लांब केसांची लोकरी आसनें, फुलांची वेलबुट्टी काढलेलीं लोकरी आच्छादनें, कापसाच्या गाद्या, रेशमी पासोड्या, मृगाजिनें, वरचें छत, आणि डोक्याशीं व पायांशीं अशा दोन्ही बाजूंस तांबड्या उशा. विरक्तीचा उपदेश करणाऱ्याला चैनीचें इतकें तपशीलवार ज्ञान असावें लागतें, याची थोडी गंमत वाटते.

विनयाचे नियम याहूनही बोलके आहेत. गादींत भरण्यास पांच वस्तु मान्य केल्या आहेत: लोकर, कापड, झाडाची साल, गवत आणि पानें. उशींत झाडाचा, वेलीचा किंवा गवताचा कापूस भरण्यास हरकत नाहीं, पण उशी डोक्यापुरतीच असावी. अर्ध्या अंगाएवढ्या उशीला बंदी. मंचकावर कापूस भरून घेतला असेल तर तो उपटून काढावा. मंचकाचे पाय आठ अंगुळांहून उंच नसावेत. हे नियम केवळ अंगाला कष्ट देण्यासाठीं केलेले नाहींत. देहाला जेवढी गरज आहे तेवढें द्यावें आणि त्यापुढें थांबावें, असा तो हिशेब आहे.

हा हिशेब कसा घातला गेला याची एक कथा महावग्गांत आहे, आणि मला तरी अंथरुणा-पांघरुणाच्या सगळ्या इतिहासांत तिच्यासारखी दुसरी माहीत नाहीं. राजगृहाहून वैशालीस जातांना बुद्धांना वाटेंत कांहीं भिक्षु दिसले. कोणाच्या डोक्यावर, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेवर वस्त्रांच्या वळकट्या. इतकीं वस्त्रें कशाला, असा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर त्यांनीं उपदेशानें दिलें नाहीं. माघाचा शेवट आणि फाल्गुनाचा आरंभ यांमधील कडक थंडीच्या रात्रीं ते स्वतः एक वस्त्र पांघरून उघड्यावर बसले. पहिला प्रहर त्यांत निभावला. तो सरतां सरतां थंडी वाजूं लागली, तेव्हां दुसरें वस्त्र घेतलें. मधला प्रहर संपतांना पुन्हां थंडी वाजली, तेव्हां तिसरें घेतलें. आणि पहांटेस चौथें. यावरून नियम ठरला. नेसण्याचें वस्त्र एकेरी, उत्तरासंग एकेरी आणि वरची संघाटी दुहेरी, मिळून चार पदर. थंडीला भिणारा कुलीन मनुष्यही एवढ्यावर रात्र काढूं शकेल.

या नियमाला लगेच एक पुस्ती जोडली आहे, आणि खरें मर्म तींत आहे. कापड नवें असेल तर संघाटी दुहेरी. वापरून विरलेलें असेल तर चौपदरी, आणि बाकीचीं दोन वस्त्रें दुपदरी. चिंध्या गोळा करून केलेलें असेल तर लागतील तितके पदर घ्यावे. म्हणजे गरिबाला उणेपणा भरून काढण्याचा मार्ग दाखविला आहे: कापडाचा कस गेला तर पदरांची संख्या वाढवा. महापरिनिर्वाणसुत्तांत आजारी आणि थकलेले बुद्ध वाटेंत झाडाखालीं थांबतात, तेव्हां आनंदाला तीच संघाटी चौघडी करून अंथरावयास सांगतात. रात्रीं जें पांघरूण, तेंच दिवसा अंथरूण.

हे नियम उत्तरेकडे झाले, तरी ते पाळले गेले आपल्याही डोंगरांत. भाजें, कार्लें, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांच्या खोल्यांतून कातळांतच कोरलेले निजण्याचे ओटे आजही दिसतात. पौषांत सह्याद्रीच्या त्या दगडावर उघड्या पाठीनें कोणी निजला नसेल, हें सांगावयास नको. त्यावर गवताची किंवा चिंध्यांची गादी आणि वर चौपदरी संघाटी, असाच बेत असला पाहिजे. या वस्त्रांचा पैसा कोठून येई, हेंही नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखांत कोरलें आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव ठेविली. व्याज दरमहा शेंकडा १, म्हणजे वर्षाचे २४०. त्यांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रासाठीं. ज्यांनीं तें कापड विणलें त्या कोष्ट्यांपैकीं एकाचेंही नांव त्या लेखांत नाहीं. दात्याचें मात्र आहे.

संन्याशांचें हें झालें. गृहस्थाला काय सांगितलें होतें तें वैद्यकांत पाहावें. सुश्रुताच्या मतें सुखकर शय्या श्रम आणि वात हरण करिते आणि पुष्टि, झोंप व धैर्य देते. येथें अपराधाचा भाव कोठेंच नाहीं. वाग्भटानें हेमंत ऋतूचें पथ्य सांगतांना शय्येवर लोकरीचीं, कातड्याचीं, रेशमाचीं जाड आच्छादनें अंथरावीं असें म्हटलें आहे. पण अंगावर घ्यावयाचीं वस्त्रें उष्ण असून लघु, म्हणजे वजनानें हलकीं असावीं, अशी अट घातली आहे. या एका शब्दांत वैद्याचा अनुभव दिसतो. ऊब कापड देत नाहीं. कापडाच्या पदरांत कोंडलेली निश्चल हवा देते. एक जड पांघरूण छातीवर ओझें ठेवितें, आणि पहांटे उकडूं लागलें तर तें सबंधच झुगारावें लागतें. तीन पातळ पांघरुणांपैकीं एक पायांनीं ढकललें तरी भागतें. खालच्या बाजूचा नियम मात्र उलट आहे. तेथें देहाच्या भारानें हवा दबून निघून जाते आणि ऊब भुईत उतरते. म्हणून खालीं दाट व चिवट वस्तु हवी. वर कितीही घेतलें तरी पाठ गार पडते अशी तक्रार करणाऱ्यांनीं पांघरूण न वाढवितां अंथरूण वाढवून पाहावें.

स्वच्छतेचा विचार या ग्रंथांत थोडा. तो आढळतो एका परदेशी पाहुण्याच्या लिखाणांत. १४ व्या शतकांत, १३३३ च्या सुमारास हिंदुस्थानांत आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येथील पलंगांचें कौतुक करितो. ते इतके हलके कीं एका माणसानें उचलून न्यावे. पलंगाबरोबर दोन गाद्या, दोन उशा आणि एक पांघरूण असा संच असे. आणि गाद्यांना व पांघरुणांना पांढरे सुती अभ्रे घालण्याची येथील चाल त्याला विशेष वाटली. मळले कीं अभ्रे तेवढे धुवावे, आंतील वस्तु स्वच्छ राहते. जगभर हिंडलेल्या त्या मनुष्याला ही गोष्ट नोंदण्याजोगी वाटली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मराठी घरांतील अंथरुणाची रचना या सर्वांशीं जुळते, तिला कोणी शास्त्र म्हटलें नाहीं इतकेंच. सर्वांत खालीं चटई किंवा सतरंजी, तिच्यावर घोंगडें, त्यावर असलीच तर गादी, मग धुतां येईल अशी चादर. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, तिचें सणगरांनीं खड्ड्याच्या मागावर विणलेलें आणि चिंचोक्यांची खळ देऊन ताठ केलेलें घोंगडें अंगाला टोंचतें खरें, पण ओल धरणाऱ्या पावसाळी भुईवर त्यासारखें दुसरें कांहीं नाहीं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटांत घेऊनही ओली लागत नाहीं. कापसाच्या गादीचें तसें नाहीं. ती मऊ असते ती नवी असेपर्यंत. पुढें कापूस दडपतो, त्याचे गोळे होतात, हवा निघून जाते. यासाठींच पिंजारी धनुकली घेऊन दारोदार फिरे आणि तोच कापूस पिंजून पुन्हां फुलवून देई. रबराच्या फेंसासारख्या आजच्या तयार गाद्यांना पिंजाऱ्याची गरज लागत नाहीं. त्या बिघडल्या म्हणजे दुरुस्त होत नाहींत, टाकाव्याच लागतात.

अंगावर घ्यावयाची वस्तु म्हणजे गोधडी. उन्हाळ्याच्या दुपारीं बायका माजघरांत किंवा ओसरीवर जुनें नऊवारी लुगडें पसरीत, त्यावर विरलेल्या धोतरांचे आणि लुगड्यांचे पदर घालीत, आणि कडेपासून आंत आंत धांवदोरा घालीत जात. शेंकडों टांक्यांनीं ते पदर एकमेकांस धरून राहतात, पण चिकटत नाहींत. त्यांमधील हवा तशीच राहते. वर्षानुवर्षें धुतलेल्या सुताला जो मऊपणा येतो तो नव्या कापडाला कोणत्याही किमतीस येत नाहीं, म्हणून तान्ह्या मुलाला गोधडीच घालीत. चिंध्यांचे लागतील तितके पदर घ्यावे, हा महावग्गांतील नियम त्या बायकांनीं वाचलेला नव्हता. बंगालची कांथा करणाऱ्यांनींही वाचला नसेल. दारिद्र्य आणि थंडी यांनीं सर्वांना एकच उत्तर सुचविलें.

विनयांत लोकरीच्या आसनाविषयीं आणखी एक नियम आहे. नवें आसन करितांना जुन्या आसनाच्या कडेचा एक वीतभर तुकडा त्यांत घालावा, म्हणजे नव्याची शोभा मोडेल आणि त्याचा मोह होणार नाहीं. आपल्या घरांतही जुनी गोधडी टाकून देत नसत. ती नव्या गोधडीच्या पोटांत जाई. शोभा मोडण्यासाठीं नव्हे, तर ऊब वाढावी म्हणून. अजून एखाद्या घरीं आजीच्या वेळची गोधडी उसवली तर आंतून दुसरी, तिच्याहून जुनी गोधडी निघते, तिच्यावरचा दोरा वेगळ्या रंगाचा आणि टांके वेगळ्या हाताचे असतात, आणि तो हात कोणाचा होता हें घरांतल्या कोणालाच सांगतां येत नाहीं.