चिटाचा तुकडा

गोधडी हा शब्द उच्चारताच मराठी माणसाच्या मनात काटकसर उभी राहते. जुनेर झालेली लुगडी, विटलेली धोतरे, अंगास तोकडे झालेले परकर आणि झबली, शिवणातून उरलेल्या खणाच्या चिंध्या, हे सारे सारवलेल्या जमिनीवर एकावर एक अंथरावयाचे, कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे. कोणी तिला वाकळ म्हणतात. हल्याळ-यल्लापूरच्या रानातील सिद्दी बायका तिलाच कवंदी म्हणतात. या सिद्दींपैकी पुष्कळांचे पूर्वज आफ्रिकेतून गोव्यात आणले गेले होते. त्यांच्या कवंदीच्या चार कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांची फुले बसवावी लागतात; ती नसली तर कवंदी उघडी-नागडी समजतात. नावे निराळी आणि टाकेही थोडेफार निराळे. परंतु फाटलेले टाकून द्यावयाचे नाही, ही बुद्धी सगळीकडे एकच.

विलायतेतही ठिगळांच्या रजया शिवण्याची मोठी परंपरा आहे, आणि तिकडच्या लोकांनाही ती आपल्या आजीबाईंच्या काटकसरीची खूण वाटते. पण त्या परंपरेचा उगम शोधीत गेले म्हणजे आपण गरिबाच्या झोपडीत पोहोचत नाही. आपण पोहोचतो एका सरदारी वाड्यात, आणि तेथून समुद्रमार्गे थेट हिंदुस्थानात.

इंग्लंडच्या उत्तर भागात लेव्हन्स हॉल नावाचा वाडा आहे. तेथे एक पलंगावरची रजई आणि पडदे जतन करून ठेवले आहेत. परंपरेप्रमाणे त्यांचा काळ १७०८ च्या सुमाराचा मानतात. त्या देशात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या ठिगळकामांत त्यांची गणना होते. अष्टकोनी आणि क्रूसाच्या आकाराचे तुकडे नेमके कापून ते एकमेकांस जोडलेले आहेत, आणि ते तुकडे आहेत हिंदी चिटाचे. चीट हा शब्द आपल्या घरांतला. चिटाचा परकर, चिटाची चोळी हे आपल्या आज्यांच्या बोलण्यात सहज येत असे. छींट म्हणजे शिंतोडा. ठिपक्याठिपक्यांचे, फुलाफुलांचे कापड ते छीट किंवा चीट. इंग्रजांनी हाच शब्द उचलून त्याचे ‘चिंट्झ’ केले. आपल्या पलंगपोसाचेही त्यांनी ‘पालमपोर’ करून टाकले.

युरोपात गाजलेले सर्वांत उंची चीट हे ठशांनी छापलेले नसे. ते कलमाने रंगविलेले असे, आणि त्याचे माहेरघर म्हणजे मच्छलीपट्टणपासून नागपट्टणपर्यंत पसरलेला कोरोमंडलचा किनारा. मद्रास वसले ते या कापडाच्या ओढीनेच. १६३९ साली फ्रान्सिस डे याने ही जागा निवडली तेव्हा तेथे बंदर नव्हते. जहाजे लांब उभी राहत आणि माल व माणसे लाटांतून पडावांवर किनाऱ्यास येत. अशा गैरसोयीच्या जागी वखार घालण्याचे कारण डे याने आपल्या वरिष्ठांना कळविले, ते असे की, येथे कापड इतर ठिकाणांपेक्षा शेकडा २० टक्के स्वस्त पडते. पुढे शहराच्या वस्त्याही कापडाच्या धाग्यानेच विणल्या गेल्या. कंपनीचे कापड धुणाऱ्यांची ती वण्णारपेट. १७१७ ते १७२० या काळात गव्हर्नर असलेल्या जोसेफ कॉलेटने विणकर वसविले ती कॉलेटपेट. तिचेच लोकांनी कालडिपेट केले. आणि १७३४ मध्ये गव्हर्नर मॉर्टन पिट याने कूवम नदीच्या वळणावर सुंकू रामा चेट्टीच्या बागेच्या जागी वसविली ती चिंताद्रिपेट. चिन्न तरी पेट्टै, म्हणजे लहान मागांची पेठ, अशी या नावाची फोड लोक करतात. सूत कातणारे, विणणारे, धुणारे आणि रंगविणारे यांच्यासाठीच ती राखून ठेवली होती.

हे रंगविणे म्हणजे काय होते, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ‘रंगीत कापड’ या दोन शब्दांत त्यातले काहीच येत नाही. प्रथम कोरे कापड धुऊन ते हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवीत. दुधातील स्निग्धतेमुळे कलमाची रेघ फुटत नसे. मग कागदावर काढलेल्या नक्षीला सुईने भोके पाडून, तो कागद कापडावर ठेवून, वरून कोळशाची पूड चोळीत. म्हणजे नक्षी ठिपक्यांनी खाली उतरे. त्या ठिपक्यांवरून कलम फिरे. काळ्या रेघेसाठी लोखंडाचे आंबवलेले पाणी आणि तांबड्यासाठी तुरटीचे पाणी. गंमत अशी की, तुरटीला स्वतःचा रंग नाही. किनाऱ्यावरील रेताड जमिनीत उगवणाऱ्या चाय नावाच्या झुडपाच्या मुळ्यांत कापड उकळले म्हणजे जेथे तुरटी लागली तेथेच तांबडा रंग धरतो. मग शेणाच्या पाण्यात भिजवून ते उन्हात वाळत घालायचे. पुन्हा पुन्हा असे केले म्हणजे उरलेली जमीन पांढरी होते. निळ्यासाठी तर याहून मोठा खटाटोप. जो भाग निळा व्हावयाचा नाही तो सारा मेणाने झाकावयाचा, कापड निळीच्या पिंपात बुडवावयाचे, आणि मग गरम पाण्यात मेण काढावयाचे. पिवळा सर्वांत शेवटी, हाताने. हिरवे पान हवे असेल तर निळ्यावर पिवळा फिरवावयाचा. हा पिवळा मात्र कच्चा. म्हणून अठराव्या शतकातील चिटावरची पाने आज संग्रहालयांत निळी दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की, त्या चिताऱ्याची कल्पनाशक्ती काही विलक्षणच होती!

गिऱ्हाइकाची आवडही या कलेत शिरली होती. १६४३ मध्ये कंपनीच्या लंडनच्या चालकांनी सुरतेच्या वखारीस लिहिले की, तुम्ही पाठविता त्या रजयांची जमीन गर्द तांबडी असते, ती येथे खपत नाही. यापुढे जमीन पांढरी ठेवून मधे रंगीत फुले व फांद्या काढवाव्यात. याप्रमाणे हिंदी रंगाऱ्याने आपल्या देशात न उगवणारी फुले न पाहिलेल्या लोकांच्या बिछान्यांसाठी रंगविली. लंडनच्या बायकांना ती पौर्वात्य वाटली. आपल्याकडील कोणास ती विलायती वाटली असती.

या चिटाचे वेड इतके वाढले की, तिकडच्या लोकर-रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने १६८६ मध्ये हे कापड बंद केले, आणि ती बंदी १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडने १७०० मध्ये एक कायदा केला. तो पुरा पडेना, तेव्हा १७१९ साली लंडनचे विणकर रस्त्यात चीट नेसलेल्या बायकांच्या अंगावर धावून जाऊ लागले. त्यानंतर झालेला कायदा १७२२ च्या अखेरीस अमलात आला. त्याने नुसते नेसणेच नव्हे, तर बिछाना, खुर्ची, उशी आणि खिडकीचा पडदा यांसाठीसुद्धा रंगीत सुती कापड वापरणे गुन्हा ठरविले. हा कायदा १७७४ पर्यंत टिकला. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याच्या पलंगासाठी आलेले मच्छलीपट्टणचे पडदे जकातखात्याने अडकवून ठेवले. बाहेरून येणाऱ्या मालाची अडवणूक सुटली नव्हती.

ज्या वस्तूवर एवढी धाड पडते तिचा तुकडाही मग टाकवत नाही. माझ्या मते विलायतेतील ठिगळकामाचे बीज येथे आहे. झिजलेल्या झग्यातील एखादे शाबूत फूल, जुन्या पलंगपोसाचा कोपरा, हे कात्रीने कडेकडेने कापून साध्या पांढऱ्या कापडावर टाचावयाचे, अशी एक निराळी पद्धतच तिकडे रूढ झाली. आपली गोधडी कापड संपविण्यासाठी असते; त्यांची रजई कापड वाचविण्यासाठी जन्मली. जपानातही असेच झाले. तेथील रसिकांनी हिंदी चिटाचे बोटभर तुकडे चहाच्या भांड्यांच्या पिशव्यांसाठी जपून वापरले. हिकोनेच्या ई घराण्याने जमविलेला नमुन्यांचा संग्रह आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

कृती मात्र फार दिवस झाकून राहिली नाही. १७४२ मध्ये केर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने, ख्रिस्ती झालेल्या रंगाऱ्यांकडून एकेक पायरी समजून घेऊन, ती सारी पत्ररूपाने मायदेशी कळविली. संस्कृत आणि लॅटिन यांच्यातील साम्याकडे विद्वानांचे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या काही लोकांत हाच गृहस्थ होता. त्याची चिकाटी कौतुकास्पद खरीच. पण तिची किंमत कोणी दिली हेही पाहिले पाहिजे. १७६० मध्ये पॅरिसजवळ झुई येथे ओबेरकाम्फचा छापखाना निघाला, १७८३ मध्ये टॉमस बेलने नक्षी कोरलेल्या रुळांनी कापड छापण्याचे यंत्र काढले, आणि एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे चीट मद्रासच्या धक्क्यावर उतरू लागले. आपल्या आज्यांच्या परकराचे चीट पुष्कळदा हे असे होते. गोधडीत गेलेले ठिगळही तेच.

मराठ्यांचा या कलेशी जवळचा संबंध होता. व्यंकोजीराजांपासून तंजावरास भोसल्यांचे राज्य झाले, आणि त्या दरबारासाठी कोडाली करुप्पूर या गावी जरीची वीण आणि मेण-रंगाची नक्षी एकत्र केलेली लुगडी व वस्त्रे निघत. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर पुरुष वारस नाही म्हणून ते राज्य संपले. आश्रय गेला आणि शतक सरता सरता मागही थांबले. आज करुप्पूरचे वस्त्र पाहावयाचे तर संग्रहालयाची काच आड येते.

मद्रासच्या कलमाखालून निघालेले जे थोडे उरले ते प्रामुख्याने परदेशांत, आणि त्यातले कितीतरी तुकड्यांच्याच रूपात. आपण ते नेसलो, धुतले, पुन्हा नेसलो, आणि शेवटी गोधडीत घालून झिजविले. त्या रजयांच्या नोंदींत शिवणारीचे घराणे क्वचित सापडते. रंगविणाऱ्याचे नाव सहसा नसते.

चेन्नईत कलम अगदीच नामशेष झालेले नाही. रुक्मिणीदेवींच्या कलाक्षेत्रात मागांबरोबर कलमकारीलाही जागा मिळाली. चिंताद्रिपेटेत मात्र आता रेल्वेस्थानक आहे आणि मासळीबाजार आहे. ठिगळकाम पाहावयाचे असेल तर देवळांच्या रथांकडे पाहावे. तांबड्या, पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या कापडांतून मोर, पोपट आणि सिंहमुखे कापून, ती दुसऱ्या कापडावर टाचून, पिंपासारख्या गोल झालरी शिवतात. त्यांना तोंबै म्हणतात. ऊन लागते, पाऊस लागतो, रंग उडतात. मग जुन्या उतरवून शिंपी नव्या शिवावयास बसतो.